पुस्तक एक, शास्त्रे तीन

पहूर हे गाव जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघूर नदीच्या काठी वसलेले आहे. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. जामनेर व पाचोरा या दोन्ही बाजूंचे रस्ते येथे येऊन मिळत असल्यामुळे भोवतालच्या खेड्यांचा बाजार येथे भरतो आणि भोवतालच्या मुलांची शाळाही येथेच. मृग नक्षत्र लागले की या गावात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. कपाशीच्या बियाण्यासाठी कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते, आणि शाळांचे दरवाजे उघडतात. एकाच घरातील बाप दुकानाच्या पायरीवर उभा असतो आणि मुलगा वर्गाच्या. बापाच्या हातात जे बियाण्याचे पाकीट असते त्यात आनुवंशिकता, सूक्ष्मजीवशास्त्र व रसायन या तिन्ही विद्या भरलेल्या असतात; मुलाच्या हातात जे विज्ञानाचे पुस्तक असते त्यातही त्याच विद्या छापलेल्या असतात. परंतु बापाने ते पाकीट मुलापुढे ठेवून ‘हे असे का?’ म्हणून विचारले, तर दहावीत उत्तम गुण मिळविणारा मुलगाही बहुधा निरुत्तर होईल. हा दोष मुलाचा नव्हे. मग तो कोणाचा, याचा निवाडा करणे हे आजच्या लेखाचे प्रयोजन आहे.

प्रथम वस्तुस्थिती. महाराष्ट्र राज्यात सन 2017 मध्ये इयत्ता नववीस व सन 2018 मध्ये इयत्ता दहावीस ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या नावाची नवी पाठ्यपुस्तके बालभारतीने लागू केली. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र अशी तीन निराळी पुस्तके न ठेवता एकाच विषयात ती गुंफावी, त्यांच्या जोडीला पर्यावरण, आपत्ती व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य व अवकाश मोहिमा यांचीही ओळख करून द्यावी, असा त्यामागील हेतू होता. हा हेतू स्तुत्य आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु याच दहावीच्या पुस्तकाचे दोन भाग पाडण्यात आले. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगे, धातुविज्ञान व कार्बनी संयुगे. दुसऱ्यात आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव व जैवतंत्रज्ञान. परीक्षेतही चाळीस-चाळीस गुणांच्या दोन उत्तरपत्रिका आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे, अशी वाटणी झाली. म्हणजे समोरच्या दरवाजावर ‘एकत्र कुटुंब’ अशी पाटी लावावी आणि आत मात्र चुली वेगळ्या मांडाव्या, तशातली ही गत झाली. शिक्षकाचे पाहावे तर तो ज्या एका विषयात पदवीधर झाला असेल त्यातच त्यास गती. रसायनाचा पदवीधर उत्क्रांतीचा धडा वाचून दाखवितो आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर भिंगांच्या आकृत्या फळ्यावर उतरवून देतो. पुस्तक जोडले गेले. शिकविणारा, शिकविण्याची रीत आणि परीक्षा ही मात्र जोडली गेली नाहीत.

विज्ञान एकत्र शिकवावे ही कल्पना काल-परवाची आहे, किंवा ती परदेशातून आली आहे, असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नाही. सन 1937 च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली व तीतून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमण्यात आली. त्या समितीने बुनियादी शाळांसाठी जो पाठ्यक्रम आखला त्यात ‘सामान्य विज्ञान’ हा एकच विषय होता, आणि त्यात निसर्गनिरीक्षण, वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन व आकाशातील तारे या सर्वांचा समावेश होता. हे सर्व हस्तोद्योगाशी व मुलाच्या भोवतालाशी जोडून शिकवावे, अशी त्या योजनेची धाटणी होती. पुढे सन 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत सामान्य विज्ञान सर्वांस आवश्यक असावे अशी शिफारस केली. सन 1968 मध्ये बल्गेरियात युनेस्कोच्या सहकार्याने याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा कोठे जगभर ‘एकात्मिक विज्ञान’ या शब्दाचा गाजावाजा झाला. वर्धा हे पहूरपासून काही सातासमुद्रापलीकडे नाही. आपल्याच प्रांतात एकतीस वर्षे आधी मांडलेली गोष्ट आपण विसरावी आणि ती परदेशी शिक्का घेऊन परत आली म्हणजे तिचे स्वागत करावे, ही आपली जुनी खोड येथेही दिसून येते.

आता वर म्हटलेल्या बियाण्याच्या पाकिटाकडे वळू; कारण पाकीट उघडल्यावाचून हा वाद नुसता शब्दांचा राहील. भारतात बीटी कपाशीस सन 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि दोन जनुके असलेली तिची दुसरी जात 2006 मध्ये आली. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे त्या झाडात असे प्रथिन तयार होते की, ते बोंडअळीच्या पोटात गेले असता तिचे आतडे फाटते व ती मरते. आरंभी याचा गुण उत्तम आला. परंतु निसर्गाच्या दरबारात एकतर्फी हुकूमनामा फार काळ टिकत नाही. लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की जीस हे विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, आणि तिचीच प्रजा वाढते. हे टाळावे म्हणून बीटी कपाशीच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचे एकशेवीस ग्रॅमचे लहान पाकीट कंपन्यांस द्यावे लागे. ते शेताच्या कडेने पेरावे, त्यावर साध्या अळ्या जगाव्या, त्यांच्या पतंगांचा बलवान पतंगांशी संकर व्हावा आणि होणारी प्रजा पुन्हा विषास बळी पडणारी निपजावी, अशी त्यातील योजना. एका हाताने मारावे आणि दुसऱ्या हाताने थोडे राखावे, हे यातील मर्म.

हे लहान पाकीट खानदेशात काय, किंवा विदर्भ-मराठवाड्यात काय, बहुसंख्य शेतकऱ्यांनी पेरलेच नाही. कोणी ते बांधावर टाकले, कोणी गुरांपुढे घातले. ‘जाणूनबुजून अळ्या पाळावयाच्या ही कोणत्या शहाण्याची युक्ती?’ असे शेतकऱ्यास वाटले, आणि त्याचे शास्त्र त्यास न सांगणाऱ्या आम्हां शिकलेल्यांपेक्षा त्याचा दोष अधिक आहे असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. त्यात हंगाम उलटल्यावरही फरदड राखण्याची रीत पडली. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवर जगणारी, तिला बारमाही खाद्य मिळाले. सन 2014-15 च्या सुमारास गुजरातेत दोन जनुकांच्या कपाशीवरही ती तग धरू लागली आणि सन 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जो हाहाकार केला तो आमच्या वाचकांपैकी कापसाचा व्यापार करणाऱ्यांस सांगावयास नको. दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा तो हाच. तो बोंडात वळवळत होता आणि वर्गात त्याच्या व्याख्या पाठ होत होत्या!

त्याच सन 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. कपाशी उंच वाढली होती; फवारा तोंडापर्यंत येत होता. आता या एका अनर्थाचे कारण कोणत्या शास्त्राने सांगावे? औषध कोणते आणि दोन औषधे एकत्र कालविली तर काय होते, हे रसायनाने सांगावे. तुषार किती बारीक आणि वारा कोणत्या दिशेचा, हे पदार्थविज्ञानाने सांगावे. घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत कसे शिरते आणि मज्जातंतूंचे काम कसे बंद पाडते, हे शरीरशास्त्राने सांगावे. तिघांचे म्हणणे एकत्र ऐकल्यावाचून तोंडास फडके का बांधावे, वाऱ्याकडे पाठ का करावी आणि अंगावरचे कपडे लगेच का धुवावे, हे समजत नाही. खटल्यात साक्षीदार तीन आले तरी निकाल एकच द्यावयाचा असतो. जो न्यायाधीश प्रत्येक साक्षीवर निरनिराळा निकाल लिहील त्यास आपण न्यायासनावर बसू देणार नाही. मुलांस मात्र आपण तेच करावयास शिकवीत आहो.

केळीच्या व्यापाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण देऊ. जळगावच्या केळीस सन 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही सर्व खानदेशास भूषणावह गोष्ट होय. केळी पिकताना तिच्यातून इथिलीन वायू निघतो व तोच तिला पिकवितो. म्हणून पिकवणगृहात तो मोजून सोडतात. कॅल्शियम कार्बाइडास ओलावा लागला म्हणजे ॲसिटिलीन निघतो, तोही फळ पिकल्यासारखे करतो. परंतु बाजारी कार्बाइडात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, म्हणून फळे पिकविण्यास त्याचा उपयोग करण्यास कायद्याने बंदी आहे. कार्बनी संयुगांचा धडा, वनस्पतींच्या जीवनप्रक्रियेचा धडा आणि लोकांच्या आरोग्याचा धडा हे तिन्ही एका घडात लोंबत आहेत. कायदा पोलिसाच्या भीतीने पाळला जातो त्याहून कारण समजल्याने अधिक पाळला जातो, हा आमच्या वकिलीतील अनुभव आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, अशाने विज्ञानाची खिचडी होईल. हा आक्षेप क्षुल्लक नाही. सन 1966 च्या कोठारी आयोगाने स्वच्छ लिहिले आहे की, सामान्य विज्ञानाच्या रीतीने विज्ञान विस्कळीत व आकारहीन भासू लागले, सबब प्राथमिकच्या वरच्या वर्गांपासून शास्त्रे आपापल्या शिस्तीने शिकविणे बरे. पुढे सन 1975 च्या राष्ट्रीय आराखड्याने पुन्हा एकत्रीकरणाची वाट धरली व सन 2005 च्या आराखड्यानेही माध्यमिक स्तरावर विज्ञान हा एक संयुक्त विषय मानला. तथापि म्हणून कोठारी आयोगाचे म्हणणे रद्दबातल झाले असे आम्ही समजत नाही. उलट, त्या आयोगाने ज्या रोगाचे निदान केले तोच रोग आज पुस्तकास जडला आहे. खानदेशातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे की, ज्वारी आणि उडीद एका गोणीत ओतले म्हणजे कळणा होत नाही. त्यास जाते लागते. दळून, मळून, तव्यावर टाकल्यावर जी भाकरी होते तीत ज्वारीचे कस आणि उडदाचे बळ दोन्ही असतात. आमच्या अभ्यासक्रमकारांनी गोणी एक केली. जाते आणावयाचे राहिले. हे जाते म्हणजे मुलाच्या अनुभवातून उठलेला प्रश्न. प्रश्न एक असावा, त्याचे उत्तर शोधताना प्रत्येक शास्त्राच्या शिस्तीत खोल उतरावे, आणि शेवटी पुन्हा त्या प्रश्नाशी परत यावे. अशा रीतीने शास्त्राचा आकारही बिघडत नाही आणि त्याचा उपयोगही हरवत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा. पुढे अकरावीस शास्त्रे निराळीच होतात, वैद्यकीच्या व अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांतही ती निराळीच विचारतात. मग दोन वर्षे हा खटाटोप कशास? त्यांस आमचे उत्तर असे की, दहावीच्या वर्गातील सर्वच मुले काही अकरावीस विज्ञान शाखेकडे जात नाहीत. कोणी वाणिज्याकडे, कोणी कलाशाखेकडे, कोणी तांत्रिक शिक्षणाकडे आणि कोणी थेट शेताकडे किंवा दुकानाकडे वळतो. कित्येक मुलींचे तर लग्नच ठरते, ही लज्जास्पद गोष्ट अद्याप आपल्यात शिल्लक आहे. या सर्वांस दहावीचे विज्ञान हेच आयुष्यातील शेवटचे विज्ञान. थोडक्यांच्या प्रवेश परीक्षेसाठी पुष्कळांची शेवटची शिदोरी रिकामी ठेवणे हा न्याय नव्हे. शिवाय डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाचे यात नुकसान काय? रोगी जेव्हा दवाखान्यात येतो तेव्हा तो भाग एक आणि भाग दोन असा येत नाही.

तिसरा आक्षेप असा की, खेड्यात हे जमणार नाही. प्रयोगशाळा नाहीत, शिक्षक तयार नाहीत. याचे उत्तर आमच्या जिल्ह्यानेच पूर्वी देऊन ठेवले आहे. रावेर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे खिरोदा हे गाव धनाजी नाना चौधरी यांच्या कार्यामुळे प्रसिद्ध आहे. सन 1936 मध्ये फैजपूर येथे जी काँग्रेस खेड्यात भरली ती याच परिसरात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सन 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले, आणि त्या केंद्राने आरंभीच्या वर्षांत जी कामे हाती घेतली त्यांतील एक म्हणजे खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतील विज्ञान शिक्षण सुधारण्याचे काम. अणुशास्त्रज्ञांच्या संस्थेने राजधानीतील भपकेदार विद्यालय न निवडता खानदेशातील खेडी निवडावी, ही गोष्ट जितकी त्या संस्थेस शोभणारी तितकीच आम्हांस जागे करणारी आहे. याच केंद्राचे संचालक वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी पुढे असेही दाखवून दिले की, पुस्तकाची भाषा हीच पुष्कळ मुलांच्या वाटेतील भिंत असते. ती सोपी केली की मूल विज्ञानात पुढे सरकते. अहिराणी किंवा तावडी बोलणाऱ्या मुलाची बुद्धी मंद नसते. त्याच्यापुढे ठेवलेला शब्द परका असतो.

सातपुडा ओलांडून नर्मदेकाठी गेलो तर दुसरा दाखला मिळतो. सन 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान प्रयोगाने शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. मुलांनी टोळ्या करून स्वतः प्रयोग करावे, शिवारात हिंडून निरीक्षण करावे, निष्कर्ष स्वतः लिहावा आणि परीक्षेस पुस्तक उघडे ठेवून बसावे, अशी ती रीत होती. सन 1978 मध्ये ती सर्व जिल्ह्यात लागू झाली. स्वस्त साहित्यात आणि सरकारी शाळांतील साध्या शिक्षकांकडून ती तीस वर्षे चालली. सन 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने ती बंद केली. चालविण्यास तीस वर्षे लागली आणि मोडण्यास एक हुकूम पुरला, हा बोध सुधारणा इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. जी सुधारणा लोकांच्या अंगवळणी पडून त्यांची स्वतःची होत नाही, ती सरकारच्या लहरीवर जगते. खिरोद्याचे कामही संस्थेचे म्हणून वाखाणले गेले. ते जिल्ह्याचे झाले नाही.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. पहिली, परीक्षेची, कारण आपल्याकडे परीक्षा जेथे जाते तेथे वर्ग मागोमाग जातो. प्रत्येक उत्तरपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर दोन्ही भागांवाचून पुरे होणार नाही. फवारणीचा, फळ पिकविण्याचा, विहिरीच्या जड पाण्यात साबण का फेसाळत नाही आणि काळी जमीन ओल का धरून ठेवते याचा. दुसरी, शिक्षकांची, एका शाळेतील निरनिराळ्या विषयांच्या पदवीधर शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसून एका प्रश्नाची तयारी करावी आणि जेथे शिक्षक एकच आहे तेथे शेजारच्या गावच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा पहूरसारख्या मध्यवर्ती गावी जमावे. यास सरकारच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसरी, प्रात्यक्षिकाची, वीस गुणांची वही नकलून काढण्याऐवजी मुलांनी एका हंगामात कपाशीतील कामगंध सापळ्यात रोज सापडणारे पतंग मोजावे, पाऊस व उष्णतामान टिपावे आणि वाघूरचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यात बाटलीत भरून ताडून पाहावे. ही नदी वरच्या अंगास अजिंठ्याच्या लेण्यांची दरी कोरून येते. ज्या काळ्या कातळात ती लेणी खोदली त्याच कातळाची माती आमच्या शिवारात पसरली आहे. भूगर्भ, रसायन आणि शेती यांचा याहून मोठा ग्रंथ कोणत्या ग्रंथालयात मिळणार?

चौथी सूचना सरकारास नसून आमच्या व्यापारी वाचकांस आहे. शाळेस घड्याळ किंवा फोटो भेट देण्याची चाल चांगली आहे. परंतु त्याऐवजी एक तराजू, दोन उष्णतामापक व एक साधे सूक्ष्मदर्शक भेट द्यावे. बी-बियाणांच्या दुकानदाराने वर्षातून एक दिवस वर्गात उभे राहून पाकिटावरचा मजकूर मुलांकडून वाचून घ्यावा आणि त्यांच्या प्रश्नांस तोंड द्यावे. प्रश्न अडचणीचे येतील, येऊ द्यावे. ज्या गिऱ्हाइकास माल समजतो ते गिऱ्हाईक कमी घेते असे नाही. ते फसत नाही इतकेच, आणि प्रामाणिक व्यापाऱ्यास तेच हवे असते.

स्वराज्य येऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. परक्यांच्या राज्यात शाळा कारकून घडविण्यासाठी काढल्या अशी तक्रार आमच्या वडिलांनी केली आणि ती खरी होती. परंतु आता शाळा आमच्या, पुस्तके आमची, परीक्षा आमच्या. आता जर पहूरचा मुलगा उत्क्रांतीची व्याख्या बिनचूक लिहून उत्तीर्ण होत असेल आणि त्याचा बाप ते लहान पाकीट बांधावर फेकीत असेल, तर त्या दोघांमध्ये जी दरी पडली आहे ती आम्हीच खोदली आहे, असे म्हणणे भाग आहे. ती बुजविण्यास नवे धोरण नको, नवे पुस्तकही नको. मुलाने संध्याकाळी घरी येऊन बापास ते पाकीट का पेरावे हे आपल्या बोलीत सांगावे आणि बापाने ते ऐकून पेरावे, एवढे झाले म्हणजे विज्ञान एकत्र झाले असे आम्ही समजू.